दूध सुटल्यानंतरची खूण

लस म्हटली की बाहेरून आलेला शत्रू डोळ्यांसमोर येतो: देवी, पोलिओ, कोविड. स्तनाचा कर्करोग हा तर घरभेदी. आपल्याच पेशी, म्हणून प्रतिकारशक्ती त्यांच्याकडे काणाडोळा करते. पण १९९४ साली सिएटलमध्ये नोरा डिसिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही रुग्णांच्या रक्तात, कुठलीही लस टोचलेली नसताना, काही स्तनकर्करोगांत जादा बनणाऱ्या हर-टू या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. म्हणजे शरीराने चोर ओळखला होता, त्याला धरण्याचं बळ तेवढं नव्हतं. पुढची तीस वर्षं हे बळ वाढवण्यात गेली.

आधी पदरी निराशाच आली. थेराटोप ही लस हजाराहून अधिक स्त्रियांच्या चाचणीत पारखून पाहिली, आयुष्य वाढलं नाही. मग न्यूवॅक्स: हर-टूमधला अवघ्या ९ अमिनो आम्लांचा तुकडा. छोट्या चाचण्यांनी आशा लावली, पण ७५८ जणींची मोठी चाचणी २०१६ मध्ये अर्ध्यावर थांबली, कारण फायदा दिसेना. इवलासा तुकडा पुरत नाही ही शंका त्यातून बळावली. या ७५८ जणींचं ऋण मला फार मोठं वाटतं.

डिसिस यांनी तुकड्याऐवजी प्रथिनाचा बराच मोठा भाग घडवणारा डीएनए टोचला. ६६ जणी, तीन वेगवेगळ्या मात्रा. पुढच्या चाचणीसाठी निवडली ती मधली, १०० मायक्रोग्रॅमची. २०२२ मध्ये निष्कर्ष आले: लस सुरक्षित, प्रतिसाद टिकाऊ. तुलनेसाठी लस न दिलेला गट नव्हता, त्यामुळे जगण्याच्या आकड्यांवरून हुरळून जाणं बरं नव्हे.

मला सर्वांत भावतो तो क्लीव्हलँडच्या व्हिन्सेंट टुओहींचा विचार. अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन हे दुधातलं प्रथिन. बाळ अंगावर पीत असेतो ते स्तनात बनतं, दूध सुटलं की बंद होतं. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हर-टू जादा नसलेल्या आणि दोन संप्रेरकांचे ग्राहकही नसलेल्या, स्तनकर्करोगाच्या बहुतेक गाठींत मात्र ते पुन्हा उगवतं. दूध पाजायचे दिवस सरलेल्या बाईच्या अंगात ते दिसलं तर ती कर्करोगाची खूण ठरू शकते, आणि नेमकी तीच प्रतिकारशक्तीला शिकवायची. (स्तनकर्करोगांत ट्रिपल निगेटिव्ह प्रकाराचं प्रमाण आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतं.) उंदरांवरचे निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले, माणसांवरची पहिली चाचणी २०२१ मध्ये सुरू झाली. मधली अकरा वर्षं! जानेवारी २०२३ मध्ये टुओही गेले.

त्यानंतर कळलं, चाचणीतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक जणींच्या प्रतिकारशक्तीने प्रतिसाद दिला. मुख्य त्रास एवढाच, की सुई टोचली तिथली कातडी चिडायची. त्यांत काही जणी तर निरोगी होत्या. जनुकीय धोका ओळखून स्तन काढून घ्यायचं ठरवलेल्या, आणि त्याआधी ही लस घ्यायला पुढे आलेल्या.