आलिशान जहाजावर बसतो कोण? वयाचा आणि वातावरणाचा हिशेब

अंजूर हे खाडीकाठचे गाव. भिवंडीच्या मागांवरचे कापड आणि अंजूरफाट्याच्या आसपासची गोदामे यांच्यावर या साऱ्या पट्ट्याची चूल पेटते. इथल्या माणसाला जहाज म्हटले की मालाचे जहाज आठवते. पण सप्टेंबर २०२१ मध्ये 'कॉर्डेलिया' कंपनीचे 'एम्प्रेस' हे पर्यटकांचे जहाज मुंबईहून फिरू लागले, तेव्हापासून क्रूझचा विषय आपल्या पेढ्यांवर आणि कारखान्यांतही निघू लागला आहे. कोणी म्हणतो, आई-वडिलांना एकदा नेऊन आणावे. कोणी विचारतो, या प्रवाशांना आपला माल विकता येईल काय? आमच्या मते दोन्ही प्रश्नांची किल्ली एकच आहे. जहाजावर बसतो कोण आणि त्याचे वय काय, हे आधी पाहावे.

याबाबत लोकांत दोन समज आहेत. काहींना वाटते, क्रूझ म्हणजे तरुणांचा गोंगाट आणि रात्रभर नाचगाणी. काहींना वाटते, ती पैसेवाल्या म्हाताऱ्यांची करमणूक. दोन्ही समज अर्धे खरे आहेत. क्रूझ कंपन्यांच्या 'क्लिया' या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२३ मध्ये जगभर ३ कोटी १७ लाख लोकांनी असा प्रवास केला. त्यांचे सरासरी वय ४६ च्या आसपास होते आणि तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोक चाळिशीच्या आतले होते. पण घाऊक आणि किरकोळ भावाची सरासरी काढून जसा धंदा होत नाही, तसेच या सरासरी वयाचे आहे.

खरा फरक पडतो तो सफरीच्या दिवसांनी. दोन ते पाच रात्रींची सफर नोकरदार, नवविवाहित आणि मुलाबाळांची कुटुंबे करतात. रजा थोडी लागते आणि खर्च आवाक्यात राहतो. अशा जहाजावर गाणी, खेळ, गर्दी, जागरण हे ओघानेच आले. दोन आठवड्यांची सफर निघाली की शाळकरी मुले कमी होतात. शंभर दिवसांची जगप्रदक्षिणा असेल तर बहुतेक प्रवासी निवृत्त झालेलेच असतात. दुकान किंवा कारखाना सोडून तीन-चार महिने समुद्रावर कोण राहणार? ज्याच्याजवळ पैसा आणि वेळ दोन्ही आहेत तोच.

जी जहाजे खऱ्या अर्थाने आलिशान म्हणवतात, ती बहुधा लहान असतात. 'सीबोर्न', 'सिल्व्हरसी' यांच्या जहाजांवर प्रवासी साधारण काही शेच असतात. भाडे जबर, सफर लांब, म्हणून वयही जास्त. तिथे व्याख्याने, वाचनालय, पत्त्यांचे डाव आणि सावकाश चालणारे जेवण असा दिनक्रम असतो. ब्रिटनची 'सागा' कंपनी तर पन्नाशी गाठलेल्यांसाठीच जहाजे चालवते. सोबतीला चाळिशीपुढचा माणूस चालतो. 'व्हायकिंग' कंपनी १८ वर्षांखालील मुलांना घेत नाही आणि तिच्या जहाजांवर कॅसिनोही नाही. याउलट २०२४ मध्ये सुरू झालेले 'आयकॉन ऑफ द सीज' ७,६०० पर्यंत प्रवासी घेते. त्यावर पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, कारण त्याचे गिऱ्हाईक म्हणजे मुलेबाळे असलेली कुटुंबे.

ही गोष्ट आपल्याला नवी वाटू नये. मुंबई-जेद्दा हा हजचा समुद्रमार्ग १९९५ पर्यंत चालू होता. 'अकबर'सारख्या जहाजांवर वयस्क हाजींचा भरणा असे आणि डेकवर नमाज, तिलावत, मंद बोलणे असे. मे महिन्यात कोकणात जाणाऱ्या बोटीवर मात्र पोराटोरांचा कल्ला. समुद्र तोच, खलाशी आणि सारंगही पुष्कळदा आपल्याच कोकणातले. वातावरण बदलले ते प्रवाशांमुळे.

आता व्यापाराचा भाग. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. विदेशी जहाजे आपल्याकडे मुख्यतः हिवाळ्याच्या मोसमात येतात. त्यांतून उतरणारा वयस्क प्रवासी शहरात बहुधा एखादाच दिवस असतो. तो जड माल घेत नाही, गर्दीत फार चालत नाही. त्याला हलकी, घडी होणारी, सुटकेसमध्ये मावणारी वस्तू, ठरलेला भाव, पक्के बिल आणि बसायला खुर्ची हवी. भिवंडीचे कोरे कापड त्याच्या कामाचे नाही. तेच कापड रंगवून, शिवून स्कार्फ, टेबलक्लॉथ, सुती सदरा झाले तर विकले जाईल. मुंबईहून तीन रात्रींसाठी निघणारा देशी प्रवासी वेगळा. तो जहाजावर मिरवायचे कपडे निघण्यापूर्वी बाजारात घेतो. म्हणजे तो आजही आपल्याच दुकानाचा गिऱ्हाईक आहे, त्यासाठी बंदरावर जायची गरज नाही.

एक सावधगिरी सांगणे भाग आहे. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक क्रूझ कंपन्यांनी तो मार्ग सोडून सफरी बदलल्या किंवा रद्द केल्या. हा मोसमी धंदा दूरच्या लढाईनेही बसतो. कर्ज काढून केवळ जहाजांच्या भरवशावर माल भरू नये.

आई-वडिलांना नेणाऱ्यांनी बुकिंगपूर्वी काही गोष्टी विचाराव्यात. रात्री किती? शाळांच्या सुट्टीचे दिवस आहेत काय? तेच जहाज सुट्टीत गजबजते आणि सुट्टी संपली की निवांत होते. जहाज धक्क्याला लागते की लहान होडीत उतरावे लागते? लक्षद्वीपसारख्या ठिकाणी होडीत उतरावे लागते आणि गुडघेदुखीच्या माणसाला ते जड जाते. खोली नाचगाण्याच्या हॉलच्या वर-खाली तर नाही ना? हलाल मांसाची सोय आहे की शाकाहारावर राहायचे, याचे उत्तर लेखी घ्यावे. डॉक्टर जहाजावर असतो, पण त्याची फी सहसा वेगळी पडते. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालील बाळाला आणि २४ आठवड्यांपुढील गरोदर स्त्रीला घेत नाहीत.

तिकीट महाग म्हणजे वातावरण आपल्या मनाजोगे, असे समजून पुष्कळ जण पैसा घालवतात. आपण कापड घेताना नुसते लेबल पाहत नाही, पोत हाताने चाचपतो. जहाजाचा पोत म्हणजे त्यावरचे प्रवासी. तिकीट काढायचे असो की माल विकायचा असो, आमच्या बंधूंनी आधी तोच तपासावा.