जुनी फियाट रस्त्यावर आणायचीय? आधी कागद, मग पत्रा, इंजिन सगळ्यात शेवटी

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ती निळी पद्मिनी सुरू होताना पाहिली. सेल मारला, भक्कन धूर निघाला आणि माझ्यासकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून तीन-चार जणांनी मला विचारलंय, "सर, अशा गाड्या घ्यायच्या, नीट करायच्या आणि विकायच्या, धंदा होईल का?" एक जण तर पीएफ काढायला निघालाय. त्याच्यासाठी, आणि तुमच्यासाठीही, हे लिहितोय.

पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट 1100. आपल्याकडे ती कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनायची. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. आता विकणारा गाडीचे नाही, आठवणींचे पैसे मागतो. हे लक्षात ठेवूनच बोलणी करा.

पहिलं काम कागदांचं. आरसी कोणाच्या नावावर आहे? मालक हयात आहे का? नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या मिळतील का? बँकेचा बोजा उतरवलाय का? मग चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचा, पेन्सिलने ठसा घ्या, आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. मी एकदा हे केलं नाही. साठ हजार मोजून गाडी आणली आणि नंतर कळलं की इंजिन कधीतरी बदललंय, नोंद मात्र नाही. अकरा महिने ती गाडी ताडपत्रीखाली उभी होती. चूक माझीच.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे दर 5 वर्षांनी फॉर्म 25 भरून, आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण करावं लागतं. त्यात पर्यावरण कर येतो, उशीर झाला असेल तर दंड येतो. विमा, पीयूसी, नवी सुरक्षा नंबरप्लेट हे वेगळं. हा सगळा हिशेब गाडी घ्यायच्या आधी आरटीओत विचारून कागदावर मांडा.

गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी असेल तर 2021 च्या नियमाने व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीला फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही आणि तिच्यावर धंदाही करता येत नाही. "लग्नाला भाड्याने देऊ" असं ज्यांनी ठरवलंय त्यांनी हे वाक्य परत वाचा. साधी पांढरी नंबरप्लेट असेल तरी परवान्याशिवाय भाडं मारता येत नाहीच.

आता पत्रा. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक खिशात ठेवा. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी भरलेली आहे. फ्लोअरचं मॅटिंग उचला, दरवाजाखालचा पत्रा आणि डिकीत स्टेपनीची जागा स्क्रूड्रायव्हरने दाबून बघा. आत गेला तर डेंटरला सोबत नेल्याशिवाय भाव बोलू नका. इंजिनाचे पार्ट शोधले की सापडतात, गंजलेला पत्रा मात्र कापून नवा जोडावा लागतो. खरा पैसा तिथेच जातो.

इंजिन वर्षानुवर्षं बंद असेल तर लगेच सेल मारू नका. जुनं पेट्रोल काढा, टाकी धुवा, प्लग काढून सिलेंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दुसऱ्या दिवशी हाताने फिरवून बघा. ऑइल बदला. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप नवे टाका, कारण आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात टिकत नाही. आणि गाडी सुरू झाली म्हणजे रस्त्यावर न्यायची असं नाही! आधी ब्रेक: मास्टर सिलेंडर, चारही चाकांचे सिलेंडर, होज, नवं ब्रेक ऑइल. टायरची नक्षी शिल्लक असली तरी वय बघा. वायरिंगला ठिकठिकाणी टेप दिसली तर पूर्ण हार्नेस बदललेला स्वस्त पडतो.

आता धंद्याचं. पुढचे आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. गाडी 90 हजार, पत्रा आणि रंग 1 लाख 10 हजार, इंजिन-ब्रेक 60, वायरिंग, सीट, टायर 55, कागद 15. झाले 3 लाख 30 हजार. पाच महिन्यांनी 3 लाख 75 हजाराला विकली. फायदा 45? नाही. जागेचं भाडं महिना 4 हजार, म्हणजे 20 गेले. उरले 25 हजार. महिन्याला पाच हजार, आणि तुमची मजुरी अजून धरलेलीच नाही.

म्हणून पीएफवाल्या मित्राला मी सांगितलं, स्वतःची गाडी घेऊ नकोस, दुसऱ्याची कर. गाडी त्याची, पार्टचे पैसे त्याचे, मजुरी तुझी. पण एकगठ्ठा भाव सांगू नकोस. रंग खरवडल्याशिवाय आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही. पहिल्या टप्प्यात फक्त खोलून तपासणी, त्याची वेगळी फी. मग फोटोसकट लेखी अंदाज. मग पत्रा, मग यंत्र, मग रंग. प्रत्येक टप्प्याचे पैसे आधी. नवीन गंज सापडला तर काम थांबवून ग्राहकाला बोलवायचं आणि डोळ्यांनी दाखवायचं.

तो आता एका काकांच्या 1978 च्या गाडीचे ब्रेक करतोय. मजुरी ठरली आठ हजार. पीएफ अजून जागेवर आहे.