न फुटणाऱ्या काचेनंतर

चांदणी चौकातून बल्लीमारानमध्ये वळून कासिमजान गल्लीतल्या गालिबच्या हवेलीकडे निघालेल्या माणसाला वाटेत चपलांची आणि चष्म्यांची घाऊक दुकाने लागतात. दिल्लीचा चष्मा पिढ्यान्‌पिढ्या याच गल्ल्यांतून बाहेर पडत आला. पुढे 2010 साली दिल्ली परिसरातच लेन्सकार्ट उभी राहिली. तिचे मुख्यालय आज गुरुग्रामला आहे आणि मोठा कारखाना राजस्थानच्या हद्दीतल्या भिवाडीत. त्याच भिवाडीत नव्वदच्या दशकात बाउश अँड लाँबच्या कारखान्यात रे-बॅनचे गॉगल बनत होते. बल्लीमारान ते भिवाडी या पट्ट्यात गेल्या तीन-साडेतीन दशकांत चष्म्याचे जे झाले, त्याचा हिशेब मांडला तर एक गोष्ट लक्षात येते. काच फुटण्याचा प्रश्न या काळात जवळपास सुटला. तरीही गिऱ्हाईक अजून तोच जुना प्रश्न विचारत दुकानात शिरते, आणि आज चष्मा ज्या कारणांनी निकामी होतो त्यांची चौकशी करायची राहून जाते. टिकाऊ चष्मा म्हणजे दुरुस्त होणारा आणि नवी लेन्स स्वीकारणारा चष्मा, हे माझे मत या हिशेबातून तयार झाले आहे.

आधी लेन्सचे पाहू. जुन्या चष्म्यातली क्राउन काच जड होती. तिची घनता सुमारे 2.54. तिच्यावर सहसा ओरखडा उठत नसे, पण फरशीवर पडली की संपली. सीआर-39 हे प्लास्टिक अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विकसित झाले आणि 1947 पासून त्याच्या लेन्स बनू लागल्या. घनता 1.32, म्हणजे वजन जवळपास निम्मे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1972 पासून चष्म्याची लेन्स आघात सोसणारी असावी असा नियम केला. त्याच्या चाचणीत पाच अष्टमांश इंच व्यासाची पोलादी गोळी 50 इंचांवरून लेन्सवर टाकतात. पुढे पॉलिकार्बोनेट आले. ते इतके चिवट की लहान मुले, खेळाडू आणि कारखान्यातले कामगार यांच्यासाठी आजही तीच पहिली निवड ठरते. आपल्याकडेही हे बदल एकेक करत रुळले, आणि ‘काच फुटली’ हे वाक्य घराघरांतून कमी होत गेले.

मात्र प्लास्टिक मऊ असते, म्हणून त्यावर कडक थर चढवावा लागतो. त्यावर चकाकी घालवणारा अँटी-रिफ्लेक्शन थर येतो, आणि त्याच्याही वर पाणी-तेल न धरणारा थर. आजचा चष्मा निकामी होतो तो बहुधा या थरांतून. उष्णतेने लेन्स जितकी फुगते तितके हे पातळ थर फुगत नाहीत. मे-जूनच्या उन्हात नोएडाच्या उघड्या पार्किंगमध्ये मोटारीच्या डॅशबोर्डवर चष्मा राहिला, तर थरावर बारीक तड्यांची जाळी उमटू शकते. ती पुसून जात नाही आणि दुकानातही दुरुस्त होत नाही. दुसरा शत्रू दिल्लीची धूळ. आँधी येऊन गेल्यावर कोरड्या ओढणीने किंवा सदऱ्याच्या टोकाने लेन्स पुसली की वाळूचे कणच तिच्यावर घासले जातात. आधी नळाखाली धुवावी आणि मगच पुसावी, या सवयीने लेन्सचे जेवढे आयुष्य वाढते तेवढे कोणत्याही महाग पॅकेजने वाढत नाही.

आता पैसा कुठे जातो तेही पाहावे. काउंटरवर ‘पातळ काच’ म्हणून 1.67 किंवा 1.74 वक्रीभवन निर्देशांकाची लेन्स पुढे केली जाते. नंबर मोठा असेल तर ती खरोखर उपयोगी आहे. पण निर्देशांक वाढला की साधारणपणे प्रकाश रंगांत फुटण्याचे प्रमाणही वाढते. ते मोजणारा ॲबे अंक साध्या सीआर-39 चा 58 च्या आसपास, 1.60 च्या चांगल्या लेन्सचा 41 आणि पॉलिकार्बोनेटचा जेमतेम 30. अंक जितका कमी, तितकी कडेने पाहताना रंगीत झालर दिसण्याची शक्यता अधिक. उणे दोनच्या नंबरासाठी 1.74 घेणे म्हणूनच वाया जाते. लहान, गोलसर फ्रेम निवडली तर साधी लेन्सही पुरेशी पातळ बसते. निळा प्रकाश अडवणाऱ्या ब्लू-कट लेन्सचेही तसेच. 2023 च्या कॉक्रेन आढाव्याने 17 चाचण्या तपासल्या, आणि संगणकामुळे येणारा डोळ्यांचा थकवा अशा लेन्सने निदान अल्पकाळात तरी कमी होत नसावा असा निष्कर्ष काढला. गुरुग्रामच्या सायबर सिटीत दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्याने हे पैसे फ्रेमवर खर्च करावेत.

आणि फ्रेमच खरी महत्त्वाची. काडी जिथे जोडली जाते ती बिजागरी जवळून पाहावी: एकात एक बसणाऱ्या कड्या आणि त्यांतून जाणारा एक बारीक स्क्रू. स्क्रू सुटा निघत असेल तर गल्लीतला कारागीर पाच मिनिटांत नवा बसवतो. बिजागरी साच्यातच ओतलेली किंवा नुसती चिकटवलेली असेल, तर ती तुटली की फ्रेम गेली. ॲसिटेटची फ्रेम गरम करून पुन्हा चेहऱ्यावर बसवता येते, तिच्यात नवी लेन्सही सहज चढते. टायटॅनियम घामाने गंजत नाही आणि निकेलची ॲलर्जी असलेल्यांना सोसते. टीआर-90 हे प्लास्टिक हलके आणि लवचीक, पण तापवून हवा तसा आकार देणे अवघड. रिमलेस घ्यायची असेल तर साधे सीआर-39 टाळावे; भोकापाशी तडा जातो. दूरचे आणि जवळचे एकाच लेन्समधून दाखवणारी प्रोग्रेसिव्ह लेन्स वापरणाऱ्याला तर फ्रेम थोडी वाकली तरी पुरे: लेन्समधला वाचायचा भाग बुबुळासमोरून सरकतो, आणि एकही तुकडा न पडता चष्मा निरुपयोगी होतो.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. ऑनलाइन विक्री आणि एकावर एक मोफत यांसारख्या योजनांनी चष्मा स्वस्त केला, तर त्यात वाईट काय? काहीच नाही. चाळिशीनंतरच्या चहामळा कामगारांना जवळचे दिसणारा साधा चष्मा दिल्यावर त्यांची पानतोडणी चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 22 टक्के अधिक वाढली, असे आसाममधल्या 2018 च्या अभ्यासात आढळले. ज्याच्याकडे चष्माच नाही त्याला सर्वांत स्वस्त चष्मा आधी मिळावा, यात वाद नको. पण ज्याला परवडते त्याने वर्षाकाठी पडणारा खर्च काढावा. समजा, दीड हजारांची फ्रेम दीड वर्षात मोडली आणि चार हजारांची सहा वर्षे चालली; तर पहिली वर्षाला हजार रुपयांना पडते, दुसरी पावणेसातशेच्या आत. दोन जोड जवळ असणे चांगलेच, फक्त दोन्ही दुरुस्त होणारे असावेत.

दुसरा आक्षेप मुलांबद्दलचा: नंबर सतत बदलतो, मग टिकाऊपणा कशाला? 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीतल्या मुलांत मायोपिया, म्हणजे दूरचे धूसर दिसणे, सुमारे 7.4 टक्के आढळला होता. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एम्सच्या डॉक्टरांनी शाळांतली 9,884 मुले तपासली होती, तेव्हा तो 13.1 टक्के निघाला. पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या असल्याने आकडे तंतोतंत ताडून पाहता येत नाहीत, पण लेन्स वारंवार बदलावी लागणारी मुले या शहरात थोडी नाहीत हे नक्की. म्हणूनच त्यांची फ्रेम अशी हवी की डोक्याचा आकार वाढेपर्यंत तीच राहील आणि तिच्यात फक्त लेन्स नवी चढेल.

22 सप्टेंबर 2025 पासून नंबराच्या चष्म्यावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. तो वाचलेला पैसा तिसऱ्या जोडावर घालवू नका. महाराष्ट्रातून गुरुग्राम-नोएडाला आलेल्या नव्या मंडळींना तर आवर्जून सांगावेसे वाटते: दुकान बल्लीमारानचे असो की मॉलमधले, पैसे देण्याआधी स्क्रू सुटा निघतो का ते पाहा, नाकाचे पॅड पुढे मिळतील का ते विचारा, आणि लेन्सचा प्रकार, निर्देशांक व दोन बुबुळांमधले अंतर बिलावर लिहून घ्या.