मद्यनिर्मिती उद्योग आणि विज्ञानसंस्था : कार्ल्सबर्गच्या मालकीरचनेचा इतिहास

प्रास्ताविक :

आपल्या महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांत ‘पीएच’ ही संज्ञा दररोज उच्चारली जाते. अन्नपदार्थांतील प्रथिनांचे प्रमाण काढताना केल्डाल पद्धतीचा आधार घेतला जातो. ही संज्ञा आणि ही पद्धती या दोहोंचा जन्म विद्यापीठात नव्हे, तर कोपनहेगन येथील एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाला, याची जाणीव मात्र क्वचितच आढळते. उद्योगसमूहाने नफ्याचा काही अंश ज्ञानकार्यासाठी देणे आपल्या परिचयाचे आहे. कार्ल्सबर्गच्या बाबतीत हे नाते उलटे आहे. तेथे कंपनीने प्रतिष्ठान पोसलेले नाही, प्रतिष्ठान हेच कंपनीचे नियंत्रक मालक आहे. या रचनेतून काय निष्पन्न झाले आणि तिची मर्यादा कोठे दिसते, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

संस्थापक व प्रयोगशाळा :

जे. सी. जेकबसन (१८११–१८८७) यांनी १८४७ मध्ये कोपनहेगनबाहेरील वाल्बी येथील टेकडीवर कारखाना उभारला. मुलाचे नाव कार्ल आणि टेकडी या अर्थाचा ‘बर्ग’ हा शब्द, यांच्या संयोगातून कारखान्याचे नाव सिद्ध झाले. तत्पूर्वी १८४५ मध्ये त्यांनी म्युनिक येथील स्पाटेन कारखान्यातून, तळाशी बसून आंबवण घडविणारे यीस्ट आणले होते. घोडागाडीच्या त्या दीर्घ प्रवासात ते जिवंत राहावे म्हणून थांब्याथांब्यावर डबे गार पाण्याने थंड केले गेले, असे सांगितले जाते.

तथापि बिअरचा प्रत्येक घाणा सारखा उतरत नसे. चांगली निघाली तर कसब, बिघडली तर दैव, असाच त्या काळचा व्यवहार होता. हे दैव समजून घ्यावे या हेतूने जेकबसन यांनी १८७५ मध्ये प्रयोगशाळा स्थापन केली व पुढील वर्षी ती कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानाच्या स्वाधीन केली. प्रतिष्ठानाचे संचालक डेन्मार्कच्या राजकीय विज्ञान अकादमीने आपल्या सदस्यांतून निवडावेत, अशी योजना होती. प्रयोगशाळेच्या नियमांतील एक तरतूद विशेष लक्षणीय आहे : सैद्धांतिक वा व्यावहारिक महत्त्वाचे कोणतेही निष्कर्ष गुप्त ठेवू नयेत.

या तरतुदीची कसोटी लवकरच लागली. एमिल ख्रिश्चन हान्सेन हे उमेदीच्या काळात घरे रंगविण्याचे काम करणारे गृहस्थ. त्यांनी यीस्टयुक्त द्रव इतका विरल केला की एका थेंबात एकच पेशी यावी, आणि त्या एका पेशीपासून शुद्ध वाण वाढविले. चांगल्या यीस्टमध्ये मिसळलेले रानटी यीस्ट हेच बिअरच्या बिघाडाचे एक प्रमुख कारण असल्याचे त्यांनी दाखविले. १८८३ मध्ये शुद्ध वाणाचा वापर सुरू झाला. असे वाण कुलूपबंद ठेवले असते, तर कारखान्याला प्रतिस्पर्ध्यांवर दीर्घकाळ वर्चस्व मिळाले असते. जेकबसन यांनी ते इतर उत्पादकांना विनामूल्य उपलब्ध करून दिले. जगभरच्या लागर बिअरचे आधुनिक स्वरूप या निर्णयाचे मोठे ऋणी आहे. याच वर्षी योहान केल्डाल यांनी नत्र मोजण्याची पद्धती मांडली. त्यांच्यानंतर रसायन विभागाची धुरा वाहणारे सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये विकरांच्या अभ्यासाच्या ओघात पीएच मापनश्रेणी सिद्ध केली.

पितापुत्रांतील संघर्ष :

ज्या मुलाच्या नावाने कारखाना उभा राहिला, त्याच्याशीच जेकबसन यांचे पटेनासे झाले. बिअर दीर्घकाळ मुरलीच पाहिजे, असा पित्याचा आग्रह होता, तर मागणी वाढली आहे, तेव्हा उत्पादन वाढवावे, ही कार्लची भूमिका. १८८२ मध्ये कार्लने ‘नी कार्ल्सबर्ग’ हा स्वतंत्र कारखाना थाटला. पित्याने आपला कारखाना मुलाऐवजी प्रतिष्ठानाच्या नावे केला. पुढे समेट झाला, पण मृत्युपत्र बदलले नाही. विशेष म्हणजे कार्लनेही १९०२ मध्ये आपला कारखाना प्रतिष्ठानालाच दिला आणि १९०६ मध्ये दोन्ही एकत्र आले. कोपनहेगनच्या किनाऱ्यावरील जलपरीचा पुतळा (१९१३) ही कार्लचीच देणगी. त्याने १९०१ मध्ये उभारलेल्या प्रवेशद्वारावर चार दगडी हत्ती असून त्यांच्या अंगावर स्वस्तिक कोरलेले आहे. हे चिन्ह कंपनीची व्यापारमुद्राही होते. नाझींनी ते बळकावल्यानंतर कंपनीला ते सोडावे लागले.

मालकीरचना व विस्तार :

१९७० मध्ये ट्युबॉर्गशी विलीनीकरण झाले आणि प्रतिष्ठानाने किमान ५१ टक्के हिस्सा राखावा, असे ठरले. येथेच अडचण होती. प्रतिस्पर्धी कंपन्या नवे समभाग काढून एकमेकींना गिळंकृत करीत असताना, बहुमत गमावण्याच्या भीतीने कार्ल्सबर्गला तसे भांडवल उभारता येईना. २००७ मध्ये सनद बदलण्यात आली : भांडवलातील किमान हिस्सा २५ टक्के, परंतु मताधिकार ५१ टक्क्यांहून कमी होऊ नये. ‘अ’ वर्गाच्या समभागाला २० मते व ‘ब’ वर्गाच्या समभागाला २ मते असल्याने हे शक्य झाले. लगेच २००८ मध्ये हायनेकेनसमवेत सुमारे ७.८ अब्ज पौंडांना ‘स्कॉटिश अँड न्यूकॅसल’ ही कंपनी घेण्यात आली आणि रशियातील बाल्टिकाचे नियंत्रण कार्ल्सबर्गकडे आले.

प्रस्तुत लेखकाच्या मते हा सौदा म्हणजे एकाच देशावर लावलेला फार मोठा डाव होता. रशियाने २०१० मध्ये बिअरवरील उत्पादनशुल्क तिप्पट केले, २०१३ पासून टपऱ्यांवरील विक्री बंद झाली. युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये कंपनीने तेथून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला, परंतु खरेदीदाराशी करार झाल्यानंतर जुलै २०२३ मध्ये रशियन शासनाने बाल्टिका तात्पुरत्या व्यवस्थापनाखाली घेतली. विक्री पूर्ण व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला.

भारतात कंपनीचा प्रवेश २००६ मधला. तिचा एक कारखाना छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) येथे आहे. २०१६ च्या दुष्काळात तेथील मद्यउद्योगांच्या पाण्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मोठी कपात केली होती, हे मराठवाड्यातील वाचकांना स्मरत असेल. मात्र अधिक बोचणारा प्रसंग २०२१ चा आहे. बिअरचे दर संगनमताने ठरविल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने युनायटेड ब्रुअरीज व कार्ल्सबर्ग इंडिया यांना मिळून सुमारे ८७३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्यात कार्ल्सबर्गचा वाटा सुमारे १२१ कोटींचा होता. प्रयोगशाळेतील निष्कर्ष प्रतिस्पर्ध्यांसही खुले करणारा नियम आणि प्रतिस्पर्ध्यांशी दरांची माहिती गुपचूप वाटून घेणारा व्यवहार, हे दोन्ही एकाच छत्राखाली नांदले. प्रतिष्ठानाचे नियंत्रण मताधिकारातून चालते. दूरदेशीच्या विक्री कार्यालयात दर कसे ठरतात, तेथपर्यंत ते पोहोचत नाही. तरीही त्याच विक्रीतून येणारा लाभांश डॅनिश विद्यापीठांतील मूलभूत संशोधनाला आजही अनुदानरूपाने मिळतो.