नायक कोण, साहाय्यक कोण?

नाट्यस्पर्धांचे निकाल लागले की कुरबुरी या व्हायच्याच. ज्याला पारितोषिक मिळाले त्याला परीक्षक रसिक वाटतात. ज्याचे हुकले त्याला ते अरसिक वाटतात. अशा रुसव्याफुगव्यांची दखल अग्रलेखाने घेण्याचे कारण नाही. परंतु प्रमुख भूमिका कोणती आणि साहाय्यक कोणती, याचाच जेथे मेळ नसतो, तेथे प्रश्न रुसव्याचा राहत नाही, न्यायाचा होतो.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरील टोनी पुरस्कार १९४७ पासून दिले जातात. तेथील सर्वसाधारण दंडक असा की, ज्याचे नाव नाटकाच्या नावाच्या वर छापले तो प्रमुख नट, खाली छापले तो साहाय्यक. समितीला यात बदल करता येतो. पण मूळ माप रंगमंचावर नव्हे, छापखान्यात घेतले जाते! 'द किंग अँड आय'मधील राजाच्या भूमिकेसाठी यूल ब्रिनर यांना १९५२ साली साहाय्यक नटाचा टोनी मिळाला, कारण नाटकाच्या नावावर झळकत होते ते गर्ट्रूड लॉरेन्स यांचे नाव. त्याच भूमिकेला, १९५६ च्या चित्रपटात, ऑस्कर मिळाले ते मात्र प्रमुख अभिनेत्याचे. 'कॅबरे'मधील निवेदकाची भूमिका करणारे जोएल ग्रे १९६७ साली साहाय्यक ठरले. तीच भूमिका करून ॲलन कमिंग १९९८ साली प्रमुख ठरले. नव्या प्रयोगात त्या पात्राला अधिक वाव दिला होता, हे आम्हांस मान्य आहे. पण मग निकष प्रयोगातील वावाचाच असावयास हवा, नावाच्या जागेचा नव्हे.

हा गोंधळ सातासमुद्रापलीकडचा म्हणून हसण्यावारी नेण्यात अर्थ नाही. देवलांच्या 'संशयकल्लोळ'चा नायक कोण? गाणारा अश्विनशेठ, की सारे नाटक आपल्या संशयावर पेलणारा फाल्गुनराव? 'एकच प्याला'तील तळीराम साहाय्यक खरा. पण त्याच्यावाचून सुधाकराची शोकांतिका उभी राहील काय? गोमंतकातील गावोगावच्या उत्सवी नाटकांवर पोसलेल्या रसिकाला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही.

या अनिश्चितीची झळ कोणाला लागते? नायकाच्या तोडीची भूमिका साहाय्यकांच्या पंगतीत बसविली, की दोन प्रवेशांत जीव ओतणाऱ्या नटाचे पान उचलले जाते. त्याच्यासाठीच मांडलेल्या पारितोषिकाला तो मुकतो, आणि पुढच्या तालमीला येताना त्याची उमेद खचलेली असते.

महाराष्ट्र राज्य नाट्यस्पर्धेत अभिनयाची रौप्यपदके प्रमुख-साहाय्यक अशी फाळणी न करता दिली जातात. तो एक मार्ग आहे. मात्र तेथे परीक्षकांनी छोट्या भूमिकेकडेही तितकेच डोळसपणे पाहिले पाहिजे. फाळणी ठेवावयाचीच असेल, तर ती संहिता व प्रयोग पाहून परीक्षकांनी ठरवावी, संस्थेच्या सोयीने नव्हे. आणि तिची कारणे निकालाबरोबर जाहीर करावीत. परीक्षकांच्या आवडीनिवडीवर मतभेद राहणारच. नियमाबद्दल मात्र संशयकल्लोळ नको.