मशीद बंदरची 'जुनी मशीद'

जळगाव-धुळे भागातून सुकामेवा, मसाले वा स्टेशनरीच्या घाऊक खरेदीसाठी मुंबईला जाणाऱ्या व्यापाऱ्यांना मशीद बंदर नवे नाही. मात्र तेथील सॅम्युएल स्ट्रीट हे नाव कोणा इंग्रज साहेबाचे नसून एका मराठी भाषक ज्यू सैनिकाचे आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळील नवगाव येथे जहाज फुटून किनाऱ्याला लागले. कोकणात ते तेलघाण्याचा व्यवसाय करू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत असल्याने त्यांना 'शनिवार तेली' हे नाव पडले. दिवेआगरचे दिवेकर, किहीमचे किहीमकर अशी गावांवरून आडनावे रूढ झाली. मात्र त्यांच्याजवळ ना धर्मग्रंथ होता, ना प्रार्थनामंदिर. सुंता, शब्बाथ, आहाराचे नियम आणि 'शेमा' ही प्रार्थना एवढ्या आधारावर त्यांनी आपला धर्म जपला.

अठराव्या शतकात हा समाज मुंबईत येऊ लागला. अनेकजण ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत दाखल झाले. सॅम्युएल इझिकेल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर हे त्यांपैकीच एक. म्हैसूरबरोबरच्या युद्धात ते कैद झाले. टिपू सुलतानच्या आईने रदबदली केल्यामुळे त्यांचे प्राण वाचले, अशी आख्यायिका आहे. सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधण्याचा त्यांनी केलेला नवस १७९६ मध्ये मांडवी भागात पूर्ण झाला. मुंबईतील हे पहिले सिनेगॉग. तोराची पोथी आणण्यासाठी ते कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

मंदिर उभे राहिल्याने विखुरलेल्या कुटुंबांना एक केंद्र लाभले. मुकादम, चौगुले, गबाई म्हणजे खजिनदार, हजान म्हणजे प्रार्थना चालविणारा आणि काझी अशी व्यवस्था होती. ही पदनामेच या समाजाचे मराठी मातीशी असलेले नाते सांगतात. १८६० मध्ये सिनेगॉग सध्याच्या जागी आले आणि १८९६ मध्ये त्याला 'शआर हारहमीम', अर्थात 'दयेचे द्वार', हे नाव मिळाले. परिसरातील लोक मात्र त्याला 'जुनी मशीद'च म्हणत. रेल्वे स्थानकाचे नावही त्यावरूनच पडले, असे सांगितले जाते.

१९४८ मध्ये इस्राएलची स्थापना झाल्यानंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे तिकडे स्थलांतरित झाली. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर येथे मोजकीच कुटुंबे उरली होती. सामुदायिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. एकेकाळी प्रार्थनेसाठी माणसे होती, पण मंदिर नव्हते. आज मंदिर आहे आणि प्रश्न त्या दहा माणसांचा आहे.