तटावरचे दोन दिवस

माझा थोरला भाऊ लीड्सला स्थायिक झाला त्याला आता पंचवीस वर्षे होऊन गेली. दर दिवाळीला त्याचा फोन येतो आणि दर फोनमध्ये वाईच्या वाड्याचा विषय निघतो. ‘वाडा विकायचा नाही’ हे त्याचे पालुपद. ‘वाडा गळतो’ हे माझे. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही उभयता त्याच्याकडे निघालो, तेव्हा सौभाग्यवतींनी विमानातच बजावले, “तिथं वाड्याचं नाव काढायचं नाही.” मी मान डोलावली. पण शनिवार-रविवारच्या सहलीसाठी दादाने गाव निवडले ते नेमके यॉर्क! जुन्या भिंती जतन करणारे म्हणून जगभर नावाजलेले. माणसाने मौन पाळावे तरी किती?

लीड्सहून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत यॉर्क येते. स्टेशनाबाहेर पडताच समोर हिरवळीचा उंच बांध आणि त्यावर फिकट दगडाचा तट. लांबी सुमारे ३.४ किलोमीटर, इंग्लंडात इतका लांब मध्ययुगीन नगरतट दुसऱ्या कुठल्या गावाला उरलेला नाही. रोमनांनी इ. स. ७१ च्या सुमारास इथे छावणी वसवली, ८६६ साली व्हायकिंगांनी गाव जिंकले. आज दिसणारा तट मात्र बराचसा तेराव्या-चौदाव्या शतकांतला. वर चढायला तिकीट नाही. पायवाट अरुंद, आणि आतल्या बाजूला कित्येक ठिकाणी कठडाच नाही. वहिनी आणि आमच्या सौ. एकमेकींचा हात घट्ट धरून चालल्या होत्या; गप्पा मात्र कैरीच्या लोणच्याच्या.

मराठीच्या मास्तराला दगडांपेक्षा शब्द आधी दिसतात. यॉर्कमध्ये रस्त्याला ‘गेट’ म्हणतात आणि वेशीला ‘बार’! हा व्हायकिंगांचा वारसा. त्यांच्या भाषेत ‘गाटा’ म्हणजे रस्ता. मिकलगेट म्हणजे थोरला रस्ता, आणि मिकलगेट बार म्हणजे त्या रस्त्यावरची वेस. (‘गाटा’चे आपल्या ‘गत’शी नाते जोडण्याचा मोह मला झाला होता. वर्गात असतो तर आवरला नसता.) लंडनकडून येणारे राजे याच वेशीतून गावात शिरत, आणि याच वेशीवर १४६० साली यॉर्कच्या ड्यूक रिचर्डचे छाटलेले शिर टांगले होते. आता तिच्याखालून मोटारी जातात.

मी रोज चर्चगेटला उतरतो. तिथे गेट नाही. मुंबईच्या कोटाची ती वेस आजच्या हुतात्मा चौकापाशी होती. १८६० च्या दशकात बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत कोट पाडला, त्यात तीही गेली. उरले ते नाव. मी हे दादाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “बघ, नुसतं नाव उरतं!” त्याचा रोख मला कळला. पुढच्या बुरुजापर्यंत मी बोललो नाही.

खरे म्हणजे यॉर्ककरांनाही हा तट नकोसाच झाला होता. १८०० साली तिथल्या नगरपालिकेने तो पाडण्याची परवानगी मागितली. वेशी अरुंद, वाहतुकीला अडथळा, भिंती मोडकळीस आलेल्या, डागडुजीचा खर्च डोईजड. हे वाचताना मला त्या सभासदांविषयी फार आपुलकी वाटली! सबंध तट पाडण्याचा बेत फसला, तरी पुढल्या तीसेक वर्षांत तीन वेशींपुढचे बंदिस्त दगडी बोळ गेलेच. चौथा, वॉमगेट बारचा, तेवढा शाबूत आहे. पुढे रेल्वे आली तेव्हा तडजोड निघाली. तट ठेवून त्यात कमानी काढल्या आणि १८४१ साली गाडी थेट तटाच्या आत आणली. हल्लीचे स्टेशन १८७७ चे, तटाबाहेरचे.

रविवारी सकाळी बूथम बारवरून मंक बारकडे गेलो. सबंध फेरीत एवढाच टप्पा चालायला मिळाला तरी पुरे. बागांपलीकडे मिन्स्टर हे प्रचंड चर्च इतके जवळ येते, की बोलणे आपोआप थांबते. आमचेही थांबले होते. मग दादा आम्हांला परत फिरवून कलादालनासमोरच्या चौकात घेऊन गेला. तिथे विल्यम एटी या चित्रकाराचा पुतळा आहे. हा यॉर्कच्याच एका भट्टीवाल्याचा मुलगा. तट वाचवण्यासाठी त्याने पत्रांवर पत्रे लिहिली.

“एका माणसानं हट्ट धरला म्हणून हे उरलं,” दादा म्हणाला.

“राहायचा कुठं हा?”

दादा गप्प. उत्तर माझ्या हातातल्या पुस्तिकेत होते. लंडनला! तटाच्या डागडुजीसाठी वर्गणी काढली ती गावातल्या लोकांनी.

“पण शेवटी परत आला की नाही?” दादाने पान उलटून दाखवले. १८४८ साली एटी यॉर्कला परतला आणि पुढच्याच वर्षी वारला. जवळच, सेंट ऑलेव्हच्या आवारात त्याची कबर आहे. आम्ही तिथवर गेलो. दादा जरा जास्तच वेळ उभा राहिला. तो यंदा साठीला आला, हे मला तेव्हा आठवले. पुस्तिकेवरून वाद घालायला नको होता असे वाटले.

परतीच्या गाडीत बायकांनी डोळे मिटले होते. दादाने हळूच विचारले, “शाकारणीला किती लागतात रे हल्ली?”

मी आकडा सांगितला.

“आणि कौलांवर चढतं कोण?”

“माणसं मिळत नाहीत वेळेवर. गेल्या वर्षी मीच चढलो.”

तो खिडकीबाहेर पाहत राहिला. लीड्स जवळ आले तेव्हा म्हणाला, “मे महिन्यात तुझं कॉलेज नक्की कधी बंद होतं?”

सौभाग्यवती जाग्याच होत्या. त्यांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिले. विषय मी काढलेला नव्हता.